माशावरचे घाव

पौर्णिमेला मोठे मासे वर येतात, म्हणून न्हावी आपल्या दाजींबरोबर होडी घेऊन तलावात गेला. चांदणं लख्ख पडलं होतं. बऱ्याच वेळानं गळाला जोराचा हिसका बसला आणि दोघांनी मिळून माणसाएवढा, लांब मिशांचा मासा कसाबसा होडीत ओढला.

दाजींनी दांडकं उचललं. दोन घावांतच मासा गार झाला, तरी ते थांबेनात. दात-ओठ खात हाणतच राहिले.

"उलट बोलतेस? बोल आता! बोल!"

न्हाव्याच्या तोंडावर, शर्टावर रक्त उडालं. माशाला कुणी 'बोलतेस' म्हणत नाही. गेल्या महिन्यात ताईचा जबडा मोडला होता, तेव्हा बाथरूममध्ये पाय घसरला असं तिनं सांगितलं होतं.

"दाजी, ताई पडली नव्हती ना?"

"नवरा-बायकोच्या मधे तू पडू नकोस," दाजी धापा टाकत हसले.

न्हाव्यानं वल्हं उचलून त्यांच्या कानशिलावर हाणलं. दाजी पाण्यात कोसळले. ते वर आले तसं त्यानं केस धरून त्यांचं डोकं पाण्याखाली दाबलं. बुडबुडे कमी होत गेले, तेव्हा मात्र त्यानं दाब सोडला. त्यानं त्यांना होडीत ओढून होडी काठाला लावली आणि खोकत, ओकत असलेल्या दाजींना काठावर टाकून तो थेट ताईच्या घरी गेला.

दार उघडताच ताईनं त्याचा रक्तानं भरलेला शर्ट पाहिला.

"मारलंस त्यांना?"

"नाही. जिवंत आहेत."

"मग उभा काय राहिलास?" पायांत चप्पल सरकवत ती म्हणाली, "ते यायच्या आत चल!"