बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद

नव्या कॅमेऱ्याची बातमी आली त्या दिवसापासून लेन्सवाल्याच्या दुकानात कुणी मन लावून काम केलं असेल तर शपथ. दुकान कसलं, दुसऱ्या मजल्यावरची एक लांबुळकी खोली. खिडकीशी दुरुस्तीचं टेबल, त्यावर बारीक स्क्रू ठेवायच्या वाट्या, आणि भिंतीला टेकवलेल्या सहा खुर्च्या, ज्यांतल्या एकीचाही पाय धड नाही. शहरातले झाडून सगळे फोटोग्राफर लेन्स साफ करून घ्यायच्या निमित्ताने तिथे येत आणि लेन्स पिशवीत गेली तरी दोन दोन तास हलत नसत.

"बटण दाबायच्या आधीचा फोटो काढतो म्हणे," लग्नवाला पाचव्यांदा म्हणाला. हा गेली वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट पाच वेळा सांगायची त्याला सवय.

"आधीचा म्हणजे? मग दाबायचं कशाला?" पक्षीवाल्याने फाटा फोडला. हा पहाटे चिखलात पालथा पडून पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस. माणसांशी बोलताना त्याचा धीर लगेच सुटतो.

लेन्सवाल्याने हातातला स्क्रू वाटीत टाकला आणि समजावून सांगितलं. बोट बटणावर नुसतं टेकवलं की कॅमेरा गुपचूप फोटो काढायला लागतो. काढतो आणि टाकून देतो, काढतो आणि टाकून देतो. ज्या क्षणी तुम्ही बटण खरंच दाबता, त्या क्षणी तो मागचा अर्धा सेकंद टाकायचा थांबतो. अर्ध्या सेकंदाचे तीस फोटो, तुम्ही दाबायच्या आधीचे, तुमच्या हातात.

मग लग्नवाला हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी एका मुलीच्या बापाने डोळे पुसले. अख्ख्या लग्नात एकदा. माझं बोट पोहोचेपर्यंत रुमाल खिशात."

"माझ्याकडे रिकाम्या फांद्यांचे चार हजार फोटो आहेत," पक्षीवाला म्हणाला. "फांदी अजून हलतेय, एवढं मात्र स्पष्ट दिसतं."

हसले सगळे, पण त्या हसण्यात दम नव्हता. ज्याचं आयुष्यच थोडक्यात हुकलेल्या क्षणांवर गेलंय, त्याला असं यंत्र निघाल्याचं कळल्यावर कसं वाटेल? प्रत्येक जण आपापला अर्धा सेकंद आठवत बसला.

"मामाला काय त्याचं," लेन्सवाला म्हणाला. "मामाला असली कुबडी लागत नाही."

मामा खिडकीशी बसला होता. हा एका वर्तमानपत्राचा खेळांचा फोटोग्राफर, तीस वर्षांचा मुरलेला. त्याची सख्खी भाची त्याच्याच हाताखाली शिकली, आता शेजारी बसून काम करते आणि सगळ्यांदेखत "मामा" म्हणते, म्हणून तो अख्ख्या गावाचा मामा झाला. गोल, उडी, शर्यतीची शेवटची रेघ, मामाचं बोट कधी चुकलं असं कुणाला आठवत नव्हतं. दीड महिन्यापूर्वीच त्याचा एक फोटो पहिल्या पानावर आला होता: उंचावरून सूर मारलेली मुलगी, बोटांची टोकं पाण्यापासून केसभर वर, आणि खाली पाण्यात तिचीच बोटं तिला भेटायला वर येतायत. तो फोटो बघून पक्षीवाल्यासारखा तुसडा माणूससुद्धा मामाच्या घरी जाऊन आला.

कौतुक ऐकून मामा हसला आणि उजवा हात खिशात घातला.

त्याचं कारण त्याचं त्याला ठाऊक. गेले आठ महिने त्या हाताचं पहिलं बोट सकाळी बधिर असायचं. शर्टाची बटणं लावता लावता चहा थंड व्हायचा. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबलीये, वय आहे, चालायचंच. चालायचंच म्हणे! ज्याचं पोट बोटावर, त्याला हे सांगायचं. दर सामन्याला मामाला वाटायचं, की आज हुकणार. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी पेपर उघडला की फोटो जिथल्या तिथे, अचूक, खाली त्याचं नाव. मग त्याचा जीव भांड्यात पडायचा. बोट काहीही म्हणो, वेळेवर पोहोचतंय ना, झालं.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत संपादकांना एक नाव द्यायचं होतं. दोन महिन्यांनी जगभरच्या खेळाडूंचे मोठे सामने होते आणि पेपर एकालाच पाठवणार होता. पेपरने नवा कॅमेराही मागवला होता, तो जाणाऱ्याच्या गळ्यात पडायचा. नाव मामाचंच, हे संपादकांनी गृहीत धरलं होतं, फक्त त्याने फोन करून हो म्हणायचं बाकी होतं. मामाला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोप लागत नव्हती, आणि भीती इतकी की फोन करवत नव्हता.

दुपारी कॅमेऱ्याच्या कंपनीची बाई तो सगळ्यांना दाखवायला घेऊन आली. मागोमाग भाची आली, लॅपटॉपची पिशवी खांद्यावर, धापा टाकत.

कॅमेरा टेबलावर ठेवला गेला आणि खोलीतल्या एकाही माणसाने त्याला लगेच हात लावला नाही. लग्नवाल्याने तर आधी हात धुतले. दिसायला साधा, काळा, हातात बसणारा. पण पक्षीवाल्याने तो उचलला तेव्हा दोन्ही तळवे खाली धरले, तान्हं बाळ घेतात तसे.

बाईंनी छताच्या हुकाला रंगीत पाण्याने भरलेला फुगा टांगला, खाली टब ठेवला आणि कॅमेरा टेबलावरच्या एका पडद्याला जोडला. लेन्सवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने भराभर सगळ्या लेन्सवर प्लास्टिक घातलं. "मी सुईने फुगा फोडणार," बाई म्हणाल्या. "फुटताना दिसला की दाबा. तुम्ही कधी दाबलंत ते पडद्यावर लाल रेघेने दिसेल. रेघेच्या मागचे तीस फोटो कॅमेऱ्याचे."

पहिला लग्नवाला. फट्, पाणी टबात, आणि सगळे पडद्याकडे वळले. लाल रेघेवरच्या फोटोत नुसते शिंतोडे. बाई एकेक फोटो मागे गेल्या. सात, आठ, नऊ. आणि नवव्याला सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

फुगा नव्हता. रबराची चिंधी सुईपाशी गोळा झालेली, आणि हवेत लाल पाणी उभं होतं. फुग्याच्याच आकाराचं, गोल, तुळतुळीत, त्यावर खिडकीचा उजेड. कुणीच धरलेलं नाही आणि तरी पडायला अजून तयार नाही.

"हे रोज होतं?" पक्षीवाल्याने विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण सगळ्यांना समजला. फुगे आयुष्यभर फुटत होते आणि दर वेळी हे असं पाणी क्षणभर उभं राहत होतं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. मामाच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं डोळे उघडे ठेवून आपण काय बघत होतो, असं त्याला वाटलं.

पक्षीवाला सात फोटो उशिरा निघाला. लेन्सवाला अकरा. मग सगळे मामाकडे बघायला लागले.

"मामा, चल ना, ऑफिसात वाट बघतायत," भाची घाईने म्हणाली.

"ऑफिस कुठे पळतंय?" लग्नवाला म्हणाला. "आधी तू दाब. मग मामा."

भाचीने नाइलाजाने कॅमेरा घेतला. फट्. पडद्यावर लाल रेघ उमटली आणि रेघेवरच, एकही फोटो मागे न जाता, ते उभं पाणी.

बाईंनी पुन्हा तपासलं. "मी खूप ठिकाणी हे दाखवलंय," त्या म्हणाल्या. "असं पहिल्यांदा बघतेय."

"मी फुगा बघतच नव्हते," भाची ओशाळून म्हणाली. "तुमचा खांदा बघत होते. सुई टोचायच्या आधी तो जरासा उचलतो."

मामा तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या मोठ्या कंपनीने, एवढ्या हुशार माणसांनी डोकं लावून जे यंत्रात बसवलं, ते ही पोरगी नुसत्या नजरेने करत होती. त्याला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या भरात त्याने कॅमेरा हातात घेतला.

फट्. बाई मागे जायला लागल्या. दहा. पंधरा. वीस. पाणी उभं सापडलं ते सव्विसाव्या फोटोवर. आणखी चार-पाच फोटो, आणि ते यंत्रालाही सापडलं नसतं.

मग लग्नवाला मांडीवर थाप मारून हसला. "बघा, बघा मामाची खोड! यंत्राचा दम बघतोय. कुठवर पुरतं ते!"

"मुद्दाम ना?" बाईंनीही हसून विचारलं.

"तर काय," मामा म्हणाला. सगळे हसले.

एकटी भाची हसली नाही. तिला नवलही वाटलेलं दिसलं नाही. ती खाली बघून पिशवीचा पट्टा सारखा करत होती, आणि तिच्याकडे बघता बघता मामाच्या पायाखालची जमीन सरकली. कारण पद्धत अशी होती: मैदानावर मामा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात कधी डोकावत नसे. मागे बघणारा पुढचं घालवतो, हा त्याचा नियम. सामना संपला की कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड भाचीच्या हातात द्यायचं. स्वतःचं कार्ड आणि त्याचं कार्ड, दोन्ही लॅपटॉपला लावून निवड तीच करायची, खाली नाव घालून पाठवायचीही तीच. दोघं खांद्याला खांदा लावून बसणार, लेन्स सारखी, जागा सारखी. कुठला फोटो कुणाचा, हे त्या पोरीखेरीज जगात कुणाला कळणार होतं?

"जरा बाहेर ये," तो तिला म्हणाला.

जिन्यात कुणी नव्हतं.

"ती सूर मारणारी मुलगी," मामा म्हणाला. "तो फोटो कुणाचा?"

"तुझाच."

"माझ्याकडे बघून सांग."

ती कठड्याकडे बघत राहिली. "माझा," शेवटी म्हणाली.

"आणि तो शेवटच्या मिनिटाचा गोल?"

"माझा."

"आणि शर्यत?"

"मामा, पुरे ना."

"माझ्या कार्डावर काय होतं?"

"पाणी," ती म्हणाली. "मुलगी आत गेल्यानंतरचं. आठ महिने सगळं तसंच आहे. एकही पुसलं नाहीये मी."

मामाला असा राग आला की त्याला कठडा धरावा लागला. "मी तुझ्याकडे भीक मागितली होती?"

"मामीने सांगितलं, बटणं लावताना तू दार लावून घेतोस," भाची म्हणाली. "मला बघवेना. बास. आणि आता हा कॅमेरा आलाय ना. तो किती मागे जातो ते बघायलाच धावत आले, फक्त चारचौघांत तुला दाबायला लागू नये असं वाटत होतं. सव्वीस म्हणजे तीसच्या आत आहे, मामा. सामन्यांना तू जा. मी शेजारी नसले तरी चालेल. कुणाला काही कळणार नाही."

खरं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. बोट सव्वीस फोटो उशिरा पडेल, यंत्र तीस फोटो मागे जाईल, आणि मधल्या चार फोटोंच्या फटीत मामाची अब्रू सुखरूप बसेल. त्याला ते पाणी आठवलं, हवेत उभं. तसे किती क्षण तिथे रोज उभे राहणार होते, आणि ते सगळे त्याला मिळणार होते. त्याला ते हवे होते. लाज वाटण्याइतके हवे होते.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. संपादक.

मामा फोन घेऊन खोलीत आला आणि सगळ्यांसमोर उभा राहून बोलला. "नाव लिहून घ्या," म्हणाला, आणि भाचीचं नाव सांगितलं, आडनावासकट.

खुर्च्या करकरल्या. "मामा, नको," दारातून भाची म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" संपादकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ती उडी टिपणारा माणूस माझ्याकडे असताना?"

"ती उडी जिने टिपली, तिलाच पाठवतोय. ती उडी तिची, तो गोल तिचा. आठ महिने तुम्ही माझ्या नावाने छापलंत ते सगळं तिचं. मला आत्ता कळलं."

लग्नवाल्याने पडद्याकडे पाहिलं, सव्विसावा फोटो अजून तिथेच होता, आणि मग त्याने मान खाली घातली.

"मग तू काय करत होतास तिथे?" संपादकांनी विचारलं.

मामाने भाचीकडे पाहिलं. ती रडत होती आणि रागावलीही होती, आणि त्याला वाटलं की हिचा चेहरा आपण वर्षानुवर्षं नीट पाहिलेलाच नाही, कायम समोरच्या खेळाडूंकडे बघत बसलो.

"मी तिच्या शेजारी बसलो होतो," तो म्हणाला, "आणि मला ती दिसली नाही. उद्याच्या अंकात तो फोटो तिच्या नावाने पुन्हा छापा, आणि खाली हेही लिहा."