मेमरी पूर्ण वेगात

सेमीफायनलचा शेवटचा फेरा नुकताच पार पडला होता, निवेदक पाणी प्यायला थांबला होता, आणि तेवढ्यात मुजीबच्या कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला. नुसता निळा, वर एक रडका चेहरा आणि खाली इंग्रजीत माफीच्या दोन ओळी. सकाळपासूनची ही दुसरी वेळ. मुजीबचा स्वतःचा चेहराही त्या चेहऱ्याहून काही बरा दिसत नव्हता.

"भाई, परत?" शेजारी लॅपटॉपवर शर्यतीचं लाइव्ह सांभाळणाऱ्या आसियाने विचारलं. आसिया त्याची धाकटी बहीण.

"हळू बोल गं. लोकं ऐकत्यात."

लोक तर होतेच. कुंडलच्या अलीकडचा तो सगळा माळ माणसांनी फुलला होता. बैलगाड्यांची शर्यत म्हटल्यावर या भागात घरी कोण थांबतंय? निशाणाच्या, म्हणजे शेवटच्या रेषेच्या अगदी समोर पत्र्याचं एक बुटकं शेड, आणि त्या शेडमध्ये तासगावचे हे दोघे शिकलगार बहीणभाऊ आपलं सामान मांडून बसलेले. रेषेवर रोखलेला त्यांचा कॅमेरा एका सेकंदात शेकड्यांनी चित्रं काढायचा. ती सगळी चित्रं कॉम्प्युटरच्या मेमरीत जायची आणि तिथं मिनिटभर राहायची. गाड्या रेषेवरून गेल्या आणि निकालात शंका नसली, तर जुनी चित्रं पुसून त्यावर नवी बसायची. शंका असली तर झेंडा पंच दोन्ही हात वर करायचा, मग मुजीब बटण दाबायचा आणि मागचं मिनिट कायमचं जपून ठेवलं जायचं. मग मोठ्या पडद्यावर तेच हळूहळू दाखवायचं, की झाला निकाल. कुणाला तोंड उघडायला जागा नाही.

मागच्या वर्षी याच मैदानावरची फायनल नजरेनं ठरवली होती. त्यावरून दोन गावांत काठ्या निघाल्या, डोकी फुटली, ठरलेलं एक लग्न मोडलं. म्हणून यंदा कमिटीचे अध्यक्ष, रिटायर्ड सुभेदार मानसिंग, यांनी माइकवरून जाहीरच केलं होतं, "चित्र सांगंल त्यो निकाल. बाकी कुणी त्वांड घालायचं न्हाई." म्हणजे फायनलचं चित्र हातात असणं हे मुजीबच्या धंद्यापुरतं राहिलं नव्हतं. ते नसलं तर काय होईल, हे मागच्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि नेमकी मेमरीच दगा देत होती. मेमरीच्या पट्टीवर कंपनीने एक वेग छापलेला असतो. पण पट्टी बसवली म्हणून ती त्या वेगानं पळत नाही. कॉम्प्युटर तिला आपला जपून, हळू चालवतो, नव्या सुनेला सासूनं निम्मंच स्वयंपाकघर द्यावं तसा. पूर्ण वेग हवा तर सेटिंगमध्ये जाऊन आपण तसं सांगायचं, आणि पुढच्या जबाबदारीवर आपणच सही करायची. हळू वेगावर मुजीबचं भागत नव्हतं. एकीकडं चित्रं साठवायची, दुसरीकडं मोठ्या पडद्याला पुरवायची, या ओढाताणीत मधली चित्रं गळायची. म्हणून त्याने चारही पट्ट्या पूर्ण वेगावर चढवल्या. चार पट्ट्या एकदम तो वेग सहज पेलत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पंधरा दिवस तो त्यातच होता. व्होल्टेज थोडं वाढव, टायमिंग थोडं सैल कर, परत टेस्ट लाव. पण तासगावच्या त्याच्या दुकानात वीज सारखी जायची आणि टेस्ट अर्ध्यावर तुटायची. शेवटी ओळखीच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं त्याला आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा दिली. तिथं वीज जात नाही, जनरेटर असतो. बेदाण्याच्या खोक्यांच्या थप्पीशेजारी टेस्ट दोन दिवस अखंड चालली. एकही चूक निघाली नाही. मुजीबने खुशीत त्या व्यापाऱ्याला कंदी पेढे नेऊन दिले.

आसियाने आता कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, एका पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. शेडचा वरचा पत्रा तर उन्हानं नुसता रसरसत होता.

"भाई, ही तापून लाल झालीया. तू हिची टेस्ट कुठं घेतलीस?"

"कोल्ड स्टोरेजात," मुजीब म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचं तोंड उघडं राहिलं.

"म्हंजे परीक्षा थंडीत दिली आनि नोकरी लागली उन्हात!"

एरवी तो हसला असता. आता त्याला घाम फुटला. आख्ख्या तालुक्यात सगळ्यात थंड जागा शोधून त्यानं हे मशीन पास केलं होतं! वीज टिकावी म्हणून नेलं आणि गारव्याचा विचारच केला नाही. स्वतःच्या अकलेची त्याला भयंकर चीड आली.

"दोन पट्ट्या काढ," आसिया म्हणाली. "दोनच असल्या तर पूर्ण वेग सोसंल. तापनार बी कमी."

"आनि मिनिटभराचं चित्र कुठं मावनार? वीसेक सेकंद राहील मागं."

"वीस तर वीस. बंद पडन्यापरास बरं की."

तिचं खरं होतं. त्याने दोन पट्ट्या उपसल्या, शेजारच्या चहावाल्याचा उभा पंखा आणून उघड्या डब्याकडे तोंड करून लावला आणि बटण दाबलं. पडदा काळा. पट्ट्या बदलल्या की कॉम्प्युटर पहिल्यांदा त्यांची चाचपणी करत बसतो, आणि तोवर पडद्यावर काही येत नाही. हे माहीत असलं तरी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसणं म्हणजे शिक्षाच. बाहेर निवेदकानं फायनलच्या गाड्यांची नावं पुकारायला सुरुवात केली. मुजीबचं बोट दोनदा बंद करायच्या बटणाकडे गेलं आणि आसियाने दोन्ही वेळा त्याचा हात धरला.

तेवढ्यात सुभेदार आत डोकावले. "काय रं, अंधार का हाय?"

"चालू हुतोय, सुभेदार. थोडा दम धरा."

"दम मी धरीन. त्यो माळ धरनार हाय का?"

सुभेदारांच्या मागोमाग शंभूराज आला. तो कुंडलचाच, मुजीबचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा हिऱ्या बैल फायनलला आला होता, आणि ही हिऱ्याची शेवटची शर्यत होती. त्याचे गुडघे आता साथ देत नव्हते. शंभूराजने पडद्याकडे पाहिलं, मग मुजीबकडे.

"गड्या, माझ्यासाठी कायबी करू नगंस. फकस्त खरं दाव. हिऱ्या हरला तर हरला म्हनून दाव."

"दावतो रं," मुजीब म्हणाला.

ते गेले आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं. पूर्ण वेग. त्याने घाईघाईने टेस्ट लावली; एकही चूक नाही. पट्टीला हात लावला तर कोमट. कॅमेरा जोडला, चित्रं येऊ लागली, एकही गळेना. मुजीबने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"ध्यानात ठेव," आसिया म्हणाली, "आता पंचाच्या हाताची वाट बघायची न्हाई. रेषा वलांडली की दाबायचं."

"व्हय. वलांडली की दाबायचं." त्याने ते स्वतःशी पुन्हा पुन्हा घोकलं.

गाड्या सुटल्या. मुजीबची नजर पडद्यावर, बोट बटणावर. चित्रं येतायत, गळत नाहीत, उष्णता जागेवर. पहिली निम्मी धाव त्यानं बैलांकडे पाहिलंसुद्धा नाही. मग माळावरून एकच आरोळी उठली, "हिऱ्याऽऽ!" आणि त्याची मान आपोआप वर झाली. धुरळ्यातून दोनच गाड्या पुढं आल्या होत्या, वाईकडची एक आणि शंभूराजची. हिऱ्या मान खाली घालून असा काही पळत होता की गुडघ्यांचं दुखणं कुणी खोटंच सांगितलं असावं. मुजीब कधी उभा राहिला ते त्याला कळलं नाही. तो ओरडत होता, मुठी वळून, गळ्याच्या शिरा ताणून. गाड्या निशाणावरून गेल्या, आणि त्याने आजवर शेकडो वेळा केलं होतं तेच केलं. पंचाकडे पाहिलं.

पंचाने शेजारच्या पंचाकडे पाहिलं. दोघांनी डोकी एकत्र केली. काहीतरी बोलले. एकाने मान हलवली, दुसऱ्याने नाही म्हटलं. मग पहिल्याने सावकाश दोन्ही हात वर केले.

मुजीबने बटण दाबलं.

पडद्यावर मोकळी रेषा आली. धुरळा, आणि गुलाल घेऊन धावणारी माणसं. वीस सेकंदांच्या मागचं काहीच नव्हतं. जे हवं होतं त्यावर नवी चित्रं केव्हाच बसली होती. आसियाने तोंडावर ओढणी धरली.

तिच्या लाइव्हमध्ये बाजूनं आणि धुरळ्यातून दोन्ही गाड्या जोडून गेल्यासारख्या दिसत होत्या. बाहेर शंभर मोबाइल होते आणि त्यांचे शंभर निकाल होते. आरडाओरडा वाढू लागला. सुभेदार शेडमध्ये आले. त्यांच्या मागं वाईकडचा गाडीमालक, आणि शंभूराज.

मोकळी रेषा बघून सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "मशीन परत बंद पडलं व्हय रं?"

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्यासुद्धा. सकाळचा निळा पडदा सगळ्यांनी पाहिला होता. मशीनच ते, बिघडणारच; त्यावर कोण कुणाशी भांडतंय? मुजीबने नुसती मान हलवायची होती. त्याला मनापासून हलवावीशी वाटली. पण मागं मशीन चालू होतं, चित्रामागून चित्र साठवत होतं, आणि त्याच्यावर आळ घेणं मुजीबला जमेना.

"न्हाई, सुभेदार. मशीन नीट चाललं. मीच बटन येळेवर दाबलं न्हाई. हिऱ्याला बघत बसलो."

मग वाईकडच्या मालकाचा एक माणूस शिवी हासडून पुढं आला, तसे सुभेदार आडवे झाले. पलटणीतला त्यांचा आवाज लागला. "यानं खरं सांगितलं. आता कुणी हात उगारला तर माझ्याशी गाठ हाय." बाहेर जाऊन त्यांनी माइकवर जाहीर केलं, की चित्र मिळालं नाही, निकाल बरोबरीचा, मान दोन्ही गाड्यांचा. माळावर बराच वेळ कुरकुर चालली. दोन्ही बाजूंना आपण लुबाडलो गेलो असं वाटत होतं, आणि बहुधा म्हणूनच काठ्या निघाल्या नाहीत.

गर्दी पांगल्यावर शंभूराज परत आला. त्याच्या कपाळाला अर्धामुर्धा गुलाल लागला होता.

"तू बघत हुतास न्हवं? हिऱ्या फुडं हुता का?"

"मला तर फुडंच दिसला," मुजीब म्हणाला. "पन मी तुझा मानूस हाय, शंभू. माझं बघनं कोन धरंल?"

शंभूराजने त्या चालू पडद्याकडे पाहिलं.

"मशीन बिघडलं असतं तर बरं झालं असतं बघ, मुजीब," तो म्हणाला. "मशीनवर राग काढता आला असता."

आणि तो हिऱ्याला जुवातून सोडायला गेला.