अध्यक्षांनी लढवलेली तक्रार

शिक्षक संघाच्या अध्यक्षांना वर्गात पाऊल टाकून इतकी वर्षं लोटली होती, की शाळेतली लहान मुलं त्यांना तपासणीला आलेले साहेब समजायची. कागदोपत्री चौथीचा वर्ग त्यांचाच होता. पण संघाचं काम काय थोडं असतं? आज कुणाची बदली अडवा, उद्या कुणाची रजा मंजूर करून आणा. अध्यक्षांचा दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर जायचा आणि चौथी सांभाळायच्या शेजारच्या तिसरीच्या धाकट्या बाई. मधलं दार सताड उघडं टाकून त्या उंबरठ्यात उभ्या राहायच्या. इकडे पाढे, तिकडे कविता. घसा बसला की उरलेलं खडूने बोलायच्या.

अध्यक्षांना याची जाणीव नव्हती असं नाही. बाई दिसल्या की म्हणायचे, "तुमच्यासारख्यांच्या जिवावर संघ उभा आहे, बाई!" आणि बस गाठायचे.

त्या वर्षी संघाने जंगी लढा दिला. शिक्षकांना घरं मोजायला, विहिरी मोजायला, शेवटी तर मोकाट कुत्री मोजायला पाठवलं, तेव्हा अध्यक्षांनी कचेरी डोक्यावर घेतली. "शिक्षक वर्गातच हवा!" या घोषणेने खिडक्यांच्या काचा हलल्या. शिक्षणाधिकारी नमले. शिक्षकाने पूर्ण वेळ वर्गातच शिकवावं, दुसरं कोणतंही काम करू नये, असा आदेश निघाला. त्याच्या तळाशी अध्यक्षांनी हट्टाने एक वाक्य घालून घेतलं : यातून कुणालाही सूट नाही.

"कुणालाही?" अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"कुणालाही! एवढीशी फट ठेवलीत तर तिच्यातून अख्खं खातं आत शिरेल."

अधिकाऱ्यांनी लगेच सही ठोकली. इतकी चटकन, की अध्यक्षांना थोडं चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सांगितलं. "सर, सोमवारपासून चौथी तुमची."

सभेत अध्यक्ष हजारभर माणसं झुलवायचे, पण चौथीचं पोर "सर, हे असंच का?" म्हणालं तर काय सांगायचं? त्यांनी घाईने संघाची बैठक बोलावली. चिटणीस अध्यक्षांचाच माणूस. त्याने घसा खाकरून ठराव मांडला, की अध्यक्षांपुरती सूट मागून घ्यावी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून धाकट्या बाई उठल्या. "त्याआधी माझी तक्रार घ्या."

"कुणाविरुद्ध?"

"चौथीच्या शिक्षकांविरुद्ध. त्यांचा वर्ग मी ओढतेय."

चिटणीस हळूच म्हणाला, "बाई, हे घरातलं आहे. बाहेर कशाला?"

"घरातच बोलतेय की. मी सभासद आहे ना? का नुसती टाळ्यांपुरती?"

सभासदाची तक्रार परत पाठवायची नाही, आणि अधिकाऱ्यांपुढे ती अध्यक्षांनी स्वतः मांडायची, ही संघाची रीत. पाडली होती ती अध्यक्षांनीच. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. अध्यक्षांनी मनात हिशेब केला : मांडू की. पण जरा ढिली मांडू, म्हणजे आपोआप बारगळेल.

"संघ तुमच्या पाठीशी आहे, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बाईंना घेऊन कचेरीत गेले, तर अधिकाऱ्यांना हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही बाईंच्या बाजूने बोलणार. आणि त्या चौथीच्या शिक्षकाच्या बाजूने?"

"तेही मीच, साहेब."

"वा! मग आधी बाईंचं होऊ द्या."

"तसं पाहिलं तर," अध्यक्ष जमिनीकडे बघत म्हणाले, "विषय फार मोठा नाही."

"नाहीच मुळी," अधिकारी म्हणाले. "दोन वर्ग सांभाळायला काय लागतं? मुलं बसून तर असतात."

इथे घात झाला. असलं वाक्य एखादा अधिकारी बोलावा आणि अध्यक्षांनी ते गिळावं, असं आजवर घडलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उभे राहिले.

"बसून असतात? साहेब, त्या उंबरठ्यात तुम्ही तासभर उभे राहून दाखवा! एका कानात तिसरी, दुसऱ्या कानात चौथी! या बाईंचा आवाज ऐकलात? गेलाय तो! कुणापायी गेला? आणि तो चौथीचा शिक्षक, पगार घेताना बरा त्याला वर्ग आठवतो! पोरांनी त्याचं तोंड तरी पाहिलंय का?"

टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप उडाला. धाकट्या बाई त्यांना खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, पुरे. पाणी घ्या." पण अध्यक्ष थांबतात कसले!

शेवटी अधिकाऱ्यांनी हात वर केला. "पटलं. आता दुसरी बाजू?"

"दुसऱ्या बाजूला बोलायला तोंडच नाही!" अध्यक्ष गरजले. प्रत्येक तक्रारीचा शेवट ते असाच करायचे. बोलून झाल्यावर त्यांना कळलं. तोवर अधिकाऱ्यांचा निकाल लिहून झाला होता.

बाहेर सभासदांनी जल्लोष केला. चिटणिसाने सवयीने अध्यक्षांना खांद्यावर घेतलं, मग भान येऊन खाली ठेवलं.

घरी बायकोने दारातच विचारलं, "जिंकलात?"

"जिंकलो."

"कुणाला हरवलंत?"

अध्यक्ष बुटांचे बंद सोडायला वाकले. मग म्हणाले, "अगं, चौथीला भागाकार असतो का गं?"

"असतो तर. लांबलचक."

दोन्ही मुलांचा अभ्यास तिनेच घेतला होता. वडील संघात असायचे. तिने भाजीची टोपली बाजूला सारून ओट्यावर पाटी ठेवली आणि एक गणित घातलं. अध्यक्ष जीभ दातांत धरून सोडवू लागले.

"वरचा आकडा खाली घ्यायला विसरलात," ती म्हणाली.

"विसरलो नाही. तो विचाराधीन आहे."

"हे सोमवारी चौथीला सांगून बघा," ती म्हणाली आणि पाटी पुसून तिने दुसरं गणित घातलं.