केशरबाईंच्या डब्यातला लव्हाळा

मित्रांनो, मी एक जुना लव्हाळा आहे. लगेच नाकं मुरडू नका! तुमच्या शेतात घुसतो तो माझा चुलतभाऊ. मी कोकणातला, समुद्रकाठचा. वाळूखाली मुळं पसरून वाळू धरून ठेवायची, हे आमच्या घराण्याचं काम.

तिथल्या शाळेत सूरज गुरुजी शिकवायचे. त्यांचं गाव बदनापूर, जालना जिल्ह्यातलं. त्यांच्या आईनं, केशरबाईंनी, समुद्र कधी पाहिला नव्हता. म्हणून एका उन्हाळी सुट्टीत गुरुजींनी मला वाळूसकट तेलाच्या डब्यात घालून घरी नेलं. डबा अंगणात ठेवून ते आंघोळीला गेले, तेवढ्यात केशरबाई शेतातून आल्या. जन्मभर खुरपणी केलेली बाई! लव्हाळा दिसल्यावर हात थांबतोय होय? मला उपटलं आणि दिलं उकिरड्यावर फेकून.

"आई, काय केलंस हे! तुला दाखवायला समुद्रावरून आणल्तं मी!"

"अगं माय! मला काय ठावं? हात आपसूक गेला रे."

नशीब, माझी एक गाठ डब्यातल्या वाळूत राहिली होती. तिच्यातून मी पुन्हा फुटलो.

गुरुजी नोकरीवर परत गेले आणि उरलो आम्ही दोघं. मला लाटांची आठवण यायची, त्यांना लेकाची. रोज सकाळी पाणी घालताना त्या मला विचारायच्या, "काय रे, तिकडं बराबर जेवत असंल का त्यो?" इकडं खाऱ्या वाऱ्यासाठी माझाही जीव तुटत होता.

अशी सहा वर्षं गेली. यंदा गुरुजींची बदली जालना जिल्ह्यात झाली. ती बातमी केशरबाईंनी सगळ्यांत आधी मला सांगितली. गुरुजी कोकणातलं सामान आणायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा डबा लेकाच्या हातात दिला.

"याला घेऊन जाय. माझं लेकरू घरी आलं, मंग यानंच का झुरावं?"

"तुला करमंल का त्याच्याबिगर?"

"न्हाई करमायचं. तरी ने."

आता मी माझ्या किनाऱ्यावर आहे. खारा वारा पोटभर मिळतो. तरी सकाळ झाली की त्या हाताची वाट बघतो, काय करू?

मित्रांनो, कुणालाही उपटण्याआधी एवढं विचारा, बाबा, तू कुठला? आणि माझं एक काम करा. केशरबाईंनी समुद्र अजून पाहिलेला नाही. त्यांना एकदा इकडं घेऊन या रे कुणीतरी. तोवर मी वाळू धरून ठेवतो.