एकदम उलटलेली दोन पानं

दिवसभर अध्यक्षसाहेब महाविद्यालय चालवत आणि संध्याकाळी सभागृहातल्या छोट्या चौथऱ्यावर चढून ऑर्केस्ट्रा. माणसं मात्र तीच. दुपारी ज्यांना वेळापत्रकावरून झापलं, ते उपप्राचार्य संध्याकाळी समोर चेलो घेऊन बसत. गणिताचे विभागप्रमुख क्लॅरिनेट फुंकत, प्रयोगशाळेतले सहायक मोठ्या नगाऱ्यांमागे उभे राहत. व्हायोलाच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर साहेबांची बायको. कार्यक्रम रविवारी होता आणि साहेबांच्या डोक्याला नुसता ताप झाला होता.

या तापाचं मूळ म्हणजे फ्लूटची रिकामी खुर्ची. कार्यक्रमाची सुरुवातच एकट्या फ्लूटनं होणार होती आणि फ्लूट वाजवणाऱ्या ग्रंथपालबाई दोन महिने तालमीकडे फिरकल्या नव्हत्या.

"रुसून बसल्यात! एवढ्या मोठ्या माणसानं रुसायचं म्हणजे कमाल आहे," साहेब करवादले. फ्लूटचे सूर नाइलाजानं क्लॅरिनेटवर काढायला लावले होते. ते ऐकताना त्यांचे दात आंबत, पण करतात काय!

त्या चिडीतच त्यांनी तालीम सुरू केली, चिडीतच पान उलटलं आणि हात फिरवत राहिले. मध्येच सगळं जरा गढूळल्यासारखं वाटलं, मग पुन्हा सावरलं. शेवटाकडे त्यांनी जोरात नगाऱ्यांकडे हात फेकला. सहायक दोन्ही काठ्या उंच धरून उभेच.

"अहो, ठोका कुठाय?" साहेब कडाडले. "पुतळा उभा केलाय का तुमचा?"

सहायकांनी मान खाली घातली. उपप्राचार्य घाईघाईनं म्हणाले, "बाकी फार सुंदर झालं, सर."

"सुंदर कसलं डोंबलाचं!" मागून व्हायोलाच्या रांगेतून बायको बोलली. "अहो, तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत. त्यांचा ठोका कुठे पडायचा ते सांगणारी खूण मधल्या पानावर होती."

साहेबांनी पानं मागे चाळली. खरंच होतं. तीस माणसांनी त्यांच्यामागून उडी मारली होती, धडपडत का होईना, पण बिनतक्रार.

"तुम्हाला कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"कळलं, सर," गणिताचे विभागप्रमुख पुटपुटले. "वाटलं, तुम्ही ठरवूनच गाळलं असेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तीस शहाण्या माणसांत एकाला तोंड उघडता येत नाही? रविवारी भर कार्यक्रमात हेच झालं तर? लोकांसमोर अब्रूचं खोबरं होईल आणि ही मंडळी 'वा सर' म्हणत वाजवत राहतील!

घरी येताना त्यांची तीच टकळी चालू होती. बायकोनं व्हायोलाची पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बोलणार कोण? जी बोलली, तिला तुम्ही गावाबाहेरच्या शाखेत धाडलंत. वाचनालय पाचला बंद करायचं तुम्ही ठरवलंत, आणि तिनं भर बैठकीत सांगितलं की हे चुकतंय. तिकडून बस येईपर्यंत आपली तालीम संपलेली असते. रुसलीय म्हणे!"

"आणि तू कशी बोलतेस मग?"

"माझी बदली कुठे करणार?"

साहेब खूप रागावले. उरलेली वाट ते चार पावलं पुढेच चालले.

दुसऱ्या दिवशी ते शाखेत गेले. ग्रंथपालबाई रिकाम्या कपाटांमध्ये पुस्तकांचे गठ्ठे सोडत होत्या. साहेबांनी एका दमात सांगून टाकलं, की बदली रद्द, उद्यापासून तालमीला या.

"ही बदली फ्लूटसाठी रद्द होतेय, सर?"

"फ्लूटसाठीच समजा!"

"मग राहू द्या. मी बैठकीत फ्लूटबद्दल बोलले नव्हते."

साहेबांच्या डोक्याची शीर तडतडली. या बाईसमोर हात जोडायचे, तेही आपणच हाकलल्यावर! पण रविवार डोळ्यांसमोर होता, आणि ती तीस मुकी तोंडंही.

"वाचनालय आठपर्यंत उघडं राहील," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "माझं चुकलं होतं." शेवटचे शब्द त्यांनी दाढ उपटून दिल्यासारखे दिले.

शनिवारच्या तालमीला ती खुर्ची भरली. साहेबांनी हात उचलला, फ्लूट सुरू झालं आणि चार-पाच सुरांतच थांबलं. बाईंनी ते खाली घेतलं.

"सर, घाई होतेय. मला श्वास घ्यायला जागाच राहत नाही."

उपप्राचार्य चेलोमागे जमेल तेवढे लपले. साहेबांचा राग नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. त्यांनी व्हायोलाकडे पाहिलं. बायको कारण नसताना तार पिळत होती.

"बरं," ते म्हणाले. "पुन्हा. सुरुवातीपासून."

तेवढ्यात नगाऱ्यांमागून एक काठी वर झाली. "सर, माझंही एक होतं. तुमची खूण मला दिसतच नाही, तुमचा पानांचा स्टँड आड येतो." मग क्लॅरिनेट वर झालं, "हे सूर मुळात माझे नव्हतेच, सर." मग दोन व्हायोलिनं. मग हळूच चेलोचा गजही.

"सर, ते वेळापत्रकाचं..."

"ते सोमवारी, ऑफिसात!" साहेब ओरडले. "देवा रे, आता ही मंडळी थांबायची नाहीत!"

त्यांनी स्टँड हातभर खाली सरकवला, सगळ्यांवरून एक वैतागलेली नजर फिरवली आणि हात उचलला. या वेळी तो सावकाश खाली आला. फ्लूटला श्वासापुरती जागा मिळाली.