पानिपतची रजई

कुमुदनं पडदा सरकवला, तसा पुढच्या सीटवरून एक हात आला आणि पडदा पुन्हा ओढला गेला.

"काकू, प्लीज. मोबाईलवर ग्लेअर येतो. हाउझीचे नंबर दिसत नाहीयेत."

हात केतकीचा होता. गुरुग्रामच्या कुठल्याशा टॉवरमध्ये नोकरी करणारी, मंडळाची उत्साही मुलगी. श्रीरंगरावांनी तोंड उघडलं. कुमुदनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते मिटलं.

मराठी मंडळाची बस फरीदाबादहून पानिपतला निघाली होती. व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'शेतं, खेडी आणि इतिहास'. आता शेतं सुरू झाली, तर सगळ्या बसचे पडदे बंद. शिकलीसवरलेली माणसं निळ्या अंधारात बसून आकडे खोडत होती. या सगळ्यांना इथेच उतरवावं आणि चालत या म्हणावं, असं श्रीरंगरावांना वाटलं. मग दिसतील शेतं.

कुमुद भांडली नाही. तिनं डोकंच पडद्याच्या पलीकडे घातलं. श्रीरंगरावांना तिची शाल तेवढी दिसत राहिली.

"रेडकाला स्वेटर घातलाय," पडद्याआडून बातमी आली. "माणसाचा. बाह्यांतून पुढचे पाय काढलेत."

"माझ्यापेक्षा बरा असेल."

"तुमचाच असेल. मागच्या वर्षी वाटून टाकला तो." मग थोड्या वेळानं, "बिटोडे बघा. यंदा नक्षी चांगली काढलीय."

बिटोडे म्हणजे गोवऱ्यांचे घरासारखे रचलेले ढीग, वरून शेणानं लिंपलेले, त्यावर बोटांनी ओढलेली वेलबुट्टी. दिल्लीत नवी होती तेव्हा तिनं विचारलं होतं, इतकी माणसं इतक्याशा झोपड्यांत राहतात कशी? आता ती यंदाची नक्षी गेल्या वर्षीच्या नक्षीशी ताडून बघत होती.

पहिल्या हिवाळ्यात सरकारी क्वार्टरच्या न्हाणीत बादलीसमोर बसून ती रडली होती. पाण्यात हात घालवेना. तेव्हा श्रीरंगरावांनी शब्द दिला होता, रिटायर झालो की पुण्याला. दर थंडीत तो शब्द ते नव्यानं देत आले. आता ते रिटायर झाले होते. मुलानं, जयदीपनं, पुण्यात स्वतःच्याच सोसायटीत फ्लॅट बघून ठेवला होता आणि सामान नेणाऱ्या पॅकर्सवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं होतं. शब्द पाळायची वेळ आली, तसा श्रीरंगरावांना राग यायला लागला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. मंडळ समोर होतं, म्हणून मंडळाचा.

"वीटभट्टी," पडदा म्हणाला. "धूर सरळ वर चाललाय. आज वारा नाही."

"डोकं आत घे. मान आखडेल."

"आखडू दे. परत कधी बघणार आहे?"

ती सहज बोलली.

पानिपतच्या स्मारकापाशी सेक्रेटरी हेरंबनं भाषण केलं. इथे आपलं रक्त सांडलं, म्हणताना त्याचा आवाज भरून आला, मग त्यानं समोसे वाटले. रक्ताला पाच मिनिटं आणि कांबळी-रजयांच्या बाजाराला दोन तास, असा कार्यक्रम होता. कुमुद भाषणाला नव्हतीच. कुंपणाजवळ उन्हात बसलेल्या दोन बायकांशी ती सरसोंचा साग किती घोटावा यावर वाद घालत होती. एकेकाळी भाजी घ्यायला जाताना हिला शेजारीण सोबत लागायची. वाद तिनं जिंकला असावा. परत आली ती हातात मुळा घेऊन.

बाजारात दुकानदारानं विचारलं, "आंटीजी, किधर के लिए चाहिए?"

"पुणे."

"तो एसी वाली ले जाओ. हल्की."

त्यानं दुपट्ट्यासारख्या पातळ रजया पसरल्या. कुमुदनं एक हातात घेतली, घडी केली, परत ठेवली. "छान आहे," ती म्हणाली. तिचा तो 'छान' श्रीरंगरावांना ठाऊक होता. परक्या घरी पहिला घास घेतल्यावर म्हणायची तसा.

ते मागच्या थप्पीकडे गेले. एका रजईखाली हात घालून त्यांनी ती तोलली.

"ये कितने की है?"

"पाँच किलो रुई है, अंकलजी. पर पुणे में तो..."

"बाँध दो."

"अहो," कुमुद म्हणाली, "पुण्याला कुठे लागणार आहे ही?"

"पुण्याला कशाला लागेल?" श्रीरंगराव म्हणाले आणि रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत राहिले.

कुमुद पुढे आली. रजईचं टोक उलटून चिमटीत धरलं, ओढून बघितलं.

"नहीं भैया," ती म्हणाली, "धागे दूर-दूर पड़े हैं. दो सर्दी में रुई सरक जाएगी. घने धागे वाली दिखाओ."

परतताना डिकीत जागा उरली नव्हती. रजईचं गाठोडं दोघांच्या मांडीवर आलं आणि निम्मं खिडकीवर रेललं. त्याच्या भारानं सरकवलेला पडदा एका बाजूला गच्च दाबला गेला. केतकीचा हात आला, पडदा ओढून बघितला, हलला नाही.

"काकू, हे..."

"पाच किलो आहे," श्रीरंगराव म्हणाले. "बघ हलतंय का."

केतकीनं एकदा गाठोड्याकडे बघितलं, मग पहिल्यांदाच बाहेर. "अय्या, त्या म्हशीला गोधडी घातलीय?"

वाटेतलं समालखा गाव मागे पडलं, तसा फोन वाजला. जयदीप. कुमुदनं नवऱ्याकडे बघितलं. ते खिडकीतून गव्हाकडे बघत होते. तिनं घेतला.

"आई, पॅकर्सवाला थांबलाय. काय सांगू त्याला?"

"नंतर बोलू रे," कुमुद म्हणाली. "आत्ता मांडीवर रजई आहे."