लाजेचं दुखणं

पाचोऱ्यात शिक्षक असलेल्या संघपालला डबा देताना त्याची बायको शिल्पा हळूच म्हणाली, "आईंना चार दिवस झाले, लघवीला जळजळ होते. डॉक्टरांकडे न्या."

आत त्याच्या आईने, पार्वताबाईंनी, ते ऐकलं. "डाक्टरले काय सांगशी बापा? माले लाज वाटस. एखादी गोयी लई ये."

दुकानातून गोळी आणून देणं संघपाललाही सोयीचं वाटलं. आईला मधुमेहाच्या तपासणीला तो न चुकता नेई. पण हे दुखणं बाईमाणसाचं, चारचौघांत न बोलायचं.

औषधाच्या दुकानात त्याच्या विद्यार्थ्यांचे पालक उभे होते. "घरात लघवीचा त्रास आहे," तो पुटपुटला. दुकानदार छगनने चिठ्ठी मागितली नाही. एवढंच विचारलं, "दुसऱ्या गोळ्या चालू आहेत का? शुगरच्या वगैरे?"

"नाही."

हो म्हटलं असतं, तर त्रास कोणाला, वय काय, सगळं निघालं असतं. छगनने दिलेल्या गोळ्या त्याने त्याच दिवसापासून आईला सुरू केल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पार्वताबाईंना दरदरून घाम फुटला. त्या काहीबाही बोलल्या आणि निजल्या. थकल्या असतील, असं शिल्पाला वाटलं. संध्याकाळी संघपाल आला, तेव्हा हलवूनही त्या जाग्या होईनात.

दवाखान्यात रक्तातली साखर अवघी अठ्ठावीस भरली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोळ्यांची पाकिटं शेजारी ठेवली. "ही जंतूंवरची गोळी तुमच्या आईच्या साखरेच्या गोळीचा जोर वाढवते, साखर फार खाली जाते. उतारवयात जास्तच. मी दुसरी दिली असती. दुकानात कोणी विचारलं नाही?"

"विचारलं होतं," संघपाल म्हणाला.

पार्वताबाई वाचल्या, पण मेंदूला इजा झाली होती. घरी आल्यावर मुलाने भरवलेला घास त्यांनी खाल्ला आणि परक्याला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, तू कोना पोऱ्या?"

रविवारी विहारात वंदना झाल्यावर संघपाल उभा राहिला. समोर बायामाणसं होती, त्याचे विद्यार्थी होते.

"माझ्या आईला लघवीची जळजळ होती," तो म्हणाला. काहींनी माना खाली घातल्या. "दुकानदाराने विचारलं, तेव्हा लाजेपोटी मी खोटं बोललो. आज ती मला ओळखत नाही."

मग मागून वृद्ध शेवंताबाई भिंतीला धरून उठल्या.

"माले बी दोन महिनापासून तोच तरास शे," त्या म्हणाल्या. "शुगर बी शे."

शेजारी बसलेला त्यांचा मुलगा फरशीकडे बघत राहिला.